नजर कुणाकडे? नागपूरच्या एका लूर्दमातेच्या दुरुस्तीचं प्रकरण

मूर्ती ताब्यात आली ११ जानेवारीला. लूर्दमाता म्हणजे फ्रान्समधल्या लूर्द गावी दर्शन दिलेली मरियामाता. तिचा सण ११ फेब्रुवारीला, पण त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना असते. म्हणजे २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी माय तिच्या जागेवर उभी पाहिजे. हातात २२ दिवस. आणि सणाच्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की ती आठ जणांच्या खांद्यावर निघणार, वस्तीतून फिरून दोन तासांनी परत येणार. काचेच्या पेटीत ठेवायची मूर्ती दुरुस्त करणं वेगळं आणि खांद्यावर नाचवायची मूर्ती दुरुस्त करणं वेगळं.

मी याच वस्तीत वाढले. रेल्वेच्या नोकरीपायी नागपुरात आलेली गोव्याची, तामिळ, केरळी घरं, आणि त्यांच्या शेजारी आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी. मिरवणुकीत जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी, मराठीत, एक तमिळमध्ये, एक कोकणीत अशी माळ चालते. लहानपणी मी मेणबत्तीभोवती कागदाचा द्रोण धरून या मूर्तीमागे चाललेली आहे. मूर्ती आणि चित्रांच्या जपणुकीचं काम मी गेली चौदा वर्षं करते, पण जिच्यासमोर आईशेजारी गुडघे टेकले तिच्यावर सर्जिकल ब्लेड धरायची ही पहिलीच वेळ होती. पहिल्या दिवशी मी नुसती तिच्यासमोर बसून राहिले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

झालं होतं असं. आदल्या वर्षी मिरवणूक परतताना पुढच्या एका खांदेकऱ्याचा पाय खड्ड्यात गेला आणि पालखी एका बाजूला कलली. दोर पक्के होते म्हणून मूर्ती पडली नाही. पण बैठकीपाशी काडकन आवाज आला, आणि जोडलेल्या हातांची तीन बोटं पेरापासून तुटून रस्त्यावर पडली. दोन सापडली, तिसरं नाही. वस्तीतल्या एका आजींनी ती दोन पेरं काडेपेटीत कापूस घालून वर्षभर बायबलशेजारी ठेवली होती. मूर्ती ज्या दिवशी आली त्याच दिवशी त्या ती काडेपेटी घेऊन आल्या. "मोजून घे," म्हणाल्या. मी मोजली. दोन.

टकटक, चुंबक आणि तिरपा उजेड

मूर्ती साडेचार फुटांची, आतून पोकळ, प्लास्टर ऑफ पॅरिसची. साच्यात प्लास्टरचा थर, त्यावर तागाचे तुकडे, पुन्हा प्लास्टर, अशी ओतलेली. बैठकीच्या भोकातून आम्ही मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. गाडीचे मेकॅनिक वापरतात तोच. आतल्या भिंतीवर ताग दिसला, आणि तो दाबून बसवणाऱ्या कारागिराच्या बोटांचे ठसे दिसले, चार-चार एका रांगेत, खांद्यापासून कमरेपर्यंत. बाहेर कुठे कारखान्याचा शिक्का नाही, नाव नाही. आत हे ठसे.

पेराने टकटक करत गेलं की कुठे प्लास्टर घट्ट आहे आणि कुठे थर सुटलेत ते कानाला कळतं. चुंबक फिरवून आतल्या दोन लोखंडी सळया कुठून जातात ते खडूने आखून घेतलं. पाठीवरची ४० सेंटीमीटरची भेग बरोबर उजव्या सळईच्या रेषेत होती आणि तिच्या कडेला तांबूस डाग. लोखंड गंजतं तेव्हा फुगतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं, आणि प्लास्टरला ताण अजिबात सोसत नाही. मग ते फाटतं. म्हणजे पालखी कलली ते निमित्त. भेग आधीपासून आतून वाढत होती.

पण ओल आली कुठून? याचं उत्तर बैठकीत होतं. कधीतरी, कुणीतरी, अगदी प्रेमाने, मूर्ती मजबूत व्हावी म्हणून बैठकीत सिमेंट ओतलं होतं. सिमेंट आणि प्लास्टरचं पटत नाही. प्लास्टर म्हणजे जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. ओल मिळाली की ते सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावतं आणि एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. त्यांना जागा जास्त लागते, म्हणून सांधा आतल्या आत फुलतो. वर पावसाळ्यात सिमेंट जमिनीची ओल शोषून सळयांच्या टोकांना देत राहतं. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि लगेच जूनमध्ये दमट हवा येते. दरवर्षी हे भिजणं-वाळणं चालू.

काट्यावर वजन केलं तर ७४ किलो भरलं. सिमेंट काढल्यावर ५८. खांदेकरी सोळा किलो फुकट वाहत होते.

चितार ओळीतले एक मूर्तिकार काका माझ्याबरोबर कामाला होते. महालातली चितार ओळ म्हणजे नागपूरच्या गणपतींचं माहेर. काकांचा हात मातीत मुरलेला. मूर्ती पाहिली आणि ते दाराशीच थांबले. "ताई, खंडित झाली ना जी. आमच्याकडं अशी पाण्यात शिरवून टाकतात. हिची दुरुस्ती चालते का?" त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता, म्हणून मी तो फादरांकडे नेला. फादर स्वतः आले, काकांशेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काका, आम्ही मान देतो तो प्लास्टरला नाही, ज्याची प्रतिमा आहे त्याला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५६३ साली हे स्पष्ट लिहून ठेवलंय. मूर्ती दुरुस्त होण्यापलीकडे गेली तर आम्हीही ती कुठेही टाकत नाही. आदराने पुरतो किंवा जाळतो. पण ही बरी होण्यासारखी आहे ना?" काकांनी मूर्तीच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि हत्यारांची पिशवी उघडली.

माझी चूक

सिमेंट काढताना मी घाई केली. छोटी छिन्नी, हलकी हातोडी, कोपऱ्यापासून सुरुवात. विसाव्या-पंचविसाव्या ठोक्याला काकांनी माझा हात धरला. पाठीवरच्या भेगेच्या वरच्या टोकाला मी पेन्सिलने खूण केली होती. भेग त्या खुणेच्या दोन सेंटीमीटर वर गेली होती. ठोक्याचा हादरा कुठे जाईल याचा विचार मी करायला हवा होता, कारण सिमेंट थेट सळयांना चिकटलेलं होतं. हादरा सळईतून वर गेला.

त्यानंतर छिन्नी बंद. ४ मिलिमीटरच्या ड्रिलने जवळजवळ भोकं पाडायची, मधल्या भिंती हॅकसॉच्या सुट्या पात्याने हाताने कापायच्या, तुकडा सैल झाला की काढायचा. तीन दिवसांच्या कामाला सहा दिवस लागले. मूर्ती आडवी, गादीवर, खाली वाळूच्या पिशव्या. जुनं प्लास्टर हाताळणाऱ्या कुणालाही मी आता हेच सांगते: सिमेंट दिसलं की ठोकू नका, कापा.

सळयांची खालची टोकं पोकळ झाली होती. ती कापली, उरलेल्या लोखंडाचा गंज खरवडून टॅनिक ॲसिड लावलं आणि वर पॅरालॉइड बी-७२ चे दोन हात दिले. हे ॲक्रिलिक राळेसारखं असतं, ॲसिटोनमध्ये विरघळतं. त्याचा मोठा गुण म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला काढावंसं वाटलं तर पुन्हा विरघळवून काढता येतं. कापलेल्या भागाच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या आट्यांच्या सळया. भेगेत याच पॅरालॉइडचं पातळ द्रावण सिरिंजने सोडलं, कडा आवळून पट्ट्यांनी बांधल्या, आणि आतल्या बाजूने काचधाग्याच्या कापडाचे तुकडे प्लास्टरमध्ये बुडवून बसवले. वाळवायला ऊन नाही, हीट गन नाही. जास्त उष्णतेने जिप्सममधलं पाणी निघून जातं आणि त्याचा भुगा होतो. नुसता पंखा. नागपूरची जानेवारीची कोरडी हवा या कामाला फार चांगली.

दोन पेरं काडेपेटीतून आपल्या जागी गेली. तिसरं काकांनी घडवलं. त्यासाठी ते पाच मिनिटं स्वतःचे हात जोडून बसले, मला बोटांचे फोटो काढायला लावले, मग शाडूत पेर केलं, साचा काढला, प्लास्टर ओतलं. नखाची कड त्यांनी डाळिंबाच्या काडीने कोरली. पितळी तारेची खुंटी घालून ते बसवलं. आज मलासुद्धा जवळ जाऊन पाहिल्याशिवाय ते कोणतं ते सांगता येत नाही.

चेहरा

इतकं सगळं तंत्राचं. खरं प्रकरण इथून पुढे.

कानामागे रंगाचा एक पोपडा सुटत होता. तो राळेत बसवून घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सात थर. अगदी खालचा पातळ, मऊ, निस्तेज गुलाबी. वरचे सगळे तैलरंगाचे, शेवटचे दोन तर दारं-खिडक्यांना लावतात त्या चकचकीत इनॅमलचे. तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मध्ये काळी रेघ होती, काजळीची. मेणबत्त्यांचा धूर एवढा साचेपर्यंत मूर्ती पुन्हा रंगवलेली नव्हती. त्यानंतर मात्र थर भराभर चढले. सणाआधी दर काही वर्षांनी कुणी ना कुणी 'एक हात' मारत गेलं. त्या एकेका हाताने पापण्यांची कड भरून गेली, ओठांची रेघ बुजली. माय जाड दिसायला लागली होती.

मग रात्री दिवे बंद करून चेहऱ्यावर बाजूने टॉर्च धरला. तिरप्या उजेडात उंचवटे दिसतात. डाव्या डोळ्यात, आत्ताच्या बुबुळाच्या वर तीन-चार मिलिमीटरवर, पापणीखाली अर्धं लपलेलं, दुसऱ्या एका बुबुळाचं वर्तुळ होतं. खालच्या थरातलं. उजव्या डोळ्यातही तसंच. मूळ मूर्ती वर बघत होती.

हे तर्काला धरूनच होतं. लूर्दच्या गुहेतली प्रसिद्ध मूर्ती लिओंचा शिल्पकार जोसेफ फाबिश याने संगमरवरात केली आणि ती १८६४ मध्ये बसवली. त्याने क्षण निवडला तो २५ मार्च १८५८ चा. लूर्दला जिला हे दर्शन झालं त्या मुलीने, बर्नाडेट सुबिरूने, चौथ्यांदा नाव विचारलं तेव्हा दर्शनातल्या स्त्रीने हात जोडले, डोळे आकाशाकडे उचलले आणि आपण निष्कलंक गर्भसंभव, म्हणजे गर्भात आल्यापासूनच पापाचा डाग नसलेली मरिया, असल्याचं बर्नाडेटच्या गावरान बोलीत सांगितलं. त्यानंतर जगभर गेलेल्या बहुतेक लूर्दमाता वर बघतात. आमचीही बघत होती. कुणीतरी रंगवताना बुबुळं खाली आणली आणि ती आमच्याकडे बघायला लागली.

माझं मन सरळ होतं: वरचे सहा थर काढायचे, मूळ चेहरा बाहेर आणायचा. या कामात आम्ही असंच शिकतो. इनॅमल तर सुटतच होतं, ते काढायला कारणही होतं. चाचणीसाठी हनुवटीखाली एक सेंटीमीटरची खिडकी उघडली. जेलने इनॅमल मऊ होत होतं, ब्लेडने सुटत होतं, खालचा गुलाबी शाबूत होता. होण्यासारखं काम होतं.

चर्चच्या कमिटीपुढे मी हे सगळं मांडलं. इंजिनीअर झालेला एक मुलगा लूर्दला जाऊन आलेला. तो फोटो घेऊन उभा राहिला. "ओरिजिनल काय आहे ते आता कळलंय. मग खोटं कशाला ठेवायचं?" झगा आणि ओढणीही पांढरीच पाहिजे, नुसता कमरपट्टा निळा, असं तो म्हणाला, आणि लूर्दच्या वर्णनाप्रमाणे ते बरोबरच आहे. आमच्या मूर्तीची ओढणी कधीची कुणीतरी निळी करून टाकलेली.

काडेपेटीच्या आजी मागे बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलल्या. "माझा पोरगा मेडिकलला दाखल होता तेव्हा मी रोज संध्याकाळी येत होते. ती माझ्याकडं बघत होती. आता तुम्ही तिला वर बघायला लावता. मग मी काय तिच्या हनुवटीशी बोलू?"

कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एका घरातून जुना फोटो आला, १९६८ चा, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा. पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली आणि मागे मूर्ती. भिंगाखाली धरला. नजर समोर. म्हणजे निदान १९६८ पासून तरी तिला वर बघताना कुणीही पाहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या इंजिनीअर मुलाला सांगितली. फाबिशची मूर्ती बर्नाडेटला दाखवली तेव्हा तिला ती पटली नव्हती. जिने पाहिलं तिच्या मते ती 'ती' नव्हती. मग मूळ कशाला म्हणायचं, शिल्पकाराच्या कल्पनेला की आमच्या चार पिढ्यांच्या सवयीला? मी त्याला हरवायला हे म्हणत नव्हते. मलाच हा प्रश्न पडला होता, आणि त्या रात्री मी माझं मत बदललं.

ठरलं ते असं. चेहऱ्यावरचे फक्त वरचे दोन इनॅमल थर काढायचे. ते सुटत होते आणि त्यांनीच चेहरा बुजवला होता. त्याखालचा तैलरंग काढायचा नाही, घट्ट करायचा, साफ करायचा. नजर समोर राहील. ओढणी निळीच. हनुवटीखालची खिडकी मात्र भरायची नाही. तिथे मूळ गुलाबी दिसतो, खाली वाकून पाहिलं तरच. बुबुळाच्या वर्तुळाचे, पोपड्याच्या सात थरांचे फोटो आणि मोजमाप चर्चच्या दप्तरात. पुढची पिढी वेगळं ठरवू शकेल. आम्ही त्यांचा रस्ता बंद केलेला नाही.

इनॅमल उतरायला पाच दिवस लागले, कापसाच्या काडीने, एका वेळी नखाएवढं. पापणीची कड बाहेर आली. ओठांच्या कोपऱ्यात एक खळगा होता, तो मला माहीतच नव्हता. बुबुळांपाशी मी थांबले आणि काकांना बोलावलं, कारण तिथला रंग एका ठिकाणी उडाला होता आणि तेवढाच भरायचा होता. चितार ओळीत डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती घरातला सर्वांत जाणता हात करतो. काकांनी तीन केसांचा ब्रश घेतला, श्वास धरला, आणि दोन ठिपके ठेवले.

लोटाभर पाणी

मूर्ती २ तारखेला जागेवर गेली. उरलं होतं ते पालखीचं काम, आणि ते आमच्या वस्तीतल्या एका फिटरकाकांनी केलं. रेल्वेच्या मोतीबाग नॅरोगेज कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचं म्हणणं: "डब्याला स्प्रिंग असते, मायेला का नाही?" त्यांनी १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायची पाटी केली. मूर्तीच्या नव्या सळया त्या पाटीला नटाने आवळल्या, म्हणजे भार प्लास्टरवर नाही, सळईवर. पाटी आणि पालखीच्या मध्ये मशीनखाली घालतात ते रबराचे आठ पॅड.

चाचणी मूर्तीवर घ्यायची नव्हती. तांदळाच्या दोन पोत्यांत २९-२९ किलो भरून ती उभी बांधली, वर काठोकाठ भरलेला पितळी लोटा ठेवला. पोरांनी ती पालखी आवाराला दोन फेऱ्या मारून आणली. पहिल्या फेरीत लोटा अर्धा रिकामा. फिटरकाकांनी पुढच्या खांदेकऱ्यांची उंची जुळवली, दोन पॅड बदलले, पावलाचा ताल बांधून दिला. दुसऱ्या फेरीत ओंजळभर सांडलं. "चालेल," म्हणाले.

दोन नियम कमिटीने मान्य केले. ओले हार गळ्यात घालायचे नाहीत, पालखीच्या कठड्याला हुक लावलेत तिथे अडकवायचे. झेंडूचा पिवळा डाग आणि हाराचं पाणी यांनी गळ्याजवळचा रंग किती खाल्ला होता ते मी फोटोत दाखवलं, मग वाद झाला नाही. दुसरा पायांचा. लोक उजव्या पायाला हात लावतात, ओठ लावतात. तिथला रंग प्लास्टरपर्यंत झिजला होता आणि पायावरचं सोनेरी गुलाब जवळजवळ गेलं होतं. गुलाब आम्ही परत सोनेरी केलं. पण हात लावू नका असं मी कुणालाही सांगणार नव्हते. पायावर मेणाचा थर दिलाय. झिजायचा तो मेणच झिजेल, आणि दर जानेवारीत तो पुन्हा द्यायचा.

११ तारखेला सकाळी आजाऱ्यांसाठीची मिस्सा झाली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये हा दिवस आजाऱ्यांचा म्हणून ठरवला, तेव्हापासून त्या दिवशी व्हीलचेअर पहिल्या रांगेत असतात. संध्याकाळी माय निघाली. गेल्या वर्षीच्या खड्ड्यापाशी फिटरकाका आधीच जाऊन उभे होते, हातात बॅटरी. वळणावर आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पालखी त्यांच्यासमोर क्षणभर थांबवतात, दरवर्षीचीच पद्धत. त्यांनी वर पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते, मूर्तीकडे नाही. त्या काही म्हणाल्या नाहीत, नुसती मान हलवली आणि माळेचा पुढचा मणी धरला.

ऑगस्टमध्ये, ऐन दमट हवेत, मी कॅमेरा घेऊन पुन्हा आत पाहिलं. पाठीच्या भेगेवर, ती हलली तर कळावं म्हणून, आतून काढलेल्या पाच पेन्सिलच्या रेघांपैकी चार अखंड होत्या. सगळ्यात वरची, माझ्या छिन्नीने वाढलेल्या दोन सेंटीमीटरांतली, केसभर सरकली होती. तिथे पॅरालॉइड पुन्हा सोडलंय. पुढची तपासणी ऑक्टोबरअखेर, पाऊस गेल्यावर.